वझलवारकाकांचा दुसरा शिक्का

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. वझलवारकाकांनी एकदा मला एका माणसाला एक प्रश्न विचारायला सांगितलं. मी विचारला नाही, आणि विचारला म्हणून सांगितलं.

त्यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. म्हणून आधी काकांविषयी सांगतो.

भिलाईत, सेक्टर सहामध्ये ते आमचे शेजारी. जन्म गेला प्लांटमध्ये पोलाद तपासण्यात. तिथे प्रत्येक मालावर हीट नंबर ठोकलेला असतो. माल कोणत्या भट्टीतून, कधी निघाला ते त्यावरून कळतं. काका रिटायर झाले, पण नंबर मागणं सुटलं नाही. मेथी आजचीच आहे असं भाजीवाली म्हणाली की हे विचारणार, "हीट नंबर बता." कॉलनीच्या ग्रुपवर कुणी आरोग्याचा सल्ला टाकला की खाली काकांचे दोनच शब्द: हीट नंबर?

त्यांच्या मुलीचं, मंजूचं लग्न इथल्याच एका मल्याळी ख्रिश्चन घरात झालं. काकांनी विरोध केला नाही, नाचलेही नाहीत. मग काही महिन्यांनी त्यांनी फोनवर जगातले धर्म अभ्यासायला घेतले. नुसता ख्रिस्ती नाही, सगळे. का, विचारलं तर म्हणाले, "एकाच ढिगातून सॅम्पल घेऊन काय समजते?"

इंटरनेटवर धर्माबद्दल लिहिणारे उदंड. खरं कुठलं, हे ओळखायची काकांची रीत होती. पान कुणी लिहिलं ते नाव हवं. लिहिणारा कुणाच्या देवाला हसत नसावा, आणि स्वतःचाच देव विकतही नसावा. मग ते त्या साइटवर आपली संक्रांत शोधत. जे आपल्याला ठाऊक आहे तेच तिथे चुकलं असेल, तर बाकीच्यावर भरवसा कसा ठेवायचा? एका मोठ्या देखण्या साइटने लिहिलं होतं की संक्रांतीला लोक एकमेकांच्या अंगावर तीळ उधळतात. काकांनी तिच्यावरचे सगळे धर्म त्याच दुपारी रिजेक्ट केले.

एवढ्यातून पास झालेल्या पानालाही दुसरा शिक्का लागे, तो त्या धर्माच्या जित्या माणसाचा. एक पान घेऊन ते गुरुद्वाऱ्यात गेले. तिथल्या ग्रंथीजींनी पान बाजूला ठेवून त्यांना आधी लंगरात बसवलं, मग ताटं धुवायला लावलं. तेव्हापासून काका दर रविवारी ताटं धुवायला जातात. काकू म्हणायच्या, "घरची कपबशी कधी विसळली नाही या माणसानं. अन् देवघरात फूल वाहाले सांगतलं तर म्हणते, वाचून राहिलो."

मग मंजूचे सासरे वारले.

काकांनी फोन उघडला. एका पानावर होतं: दुःखातलं घर परधर्मीयांना चाळीस दिवस भेटत नाही, एकेचाळिसाव्या दिवशी भेटतं. लिहिणाऱ्याचं नाव होतं, संक्रांतही बरोबर होती. राहिला दुसरा शिक्का. काका सकाळी फाटकाशी आले.

"तुह्या ऑफिसात तो कुरियन आहे ना, त्याइच्याच धर्माचा, त्याले विचारून सांग."

मी म्हटलं, मंजूलाच विचारा की.

"तिले कसं विचारू? तिले वाटन, बाप अजून परकाच आहे."

कुरियन माझ्यापासून दोन टेबलं पलीकडे बसतो. त्या दिवशी काम होतं, पण उठता आलं नसतं असं नाही. काकांच्या पानांचा मला कंटाळा आला होता, एवढंच. दुपारी त्यांचा फोन आला. मी म्हणालो, "विचारलं काका. बरोबर आहे."

मंजूनं चर्चमधल्या अंत्यविधीची वेळ कळवली तेव्हा काका तिला म्हणाले, तुम्ही तुमचं व्यवस्थित करा. काकू पातळ बदलून तयार होत्या. काकांनी त्यांना थांबवलं. त्यांच्या घरचा नेम आहे, आपण मोडू नये. चर्च स्कूटरने पाच मिनिटांवर.

एकेचाळिसाव्या दिवशी दोघं इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत गेले. मंजूनं दार उघडलं. "बाबा, आज आले तुम्ही?" एवढंच बोलली. सासूबाईंनी चहा दिला. असा काही नेम नसतो, हे काकांना तिथल्या बोलण्यातूनच कळलं. "मी चुकीचं वाचलं," असं ते म्हणाले. माझं नाव घेतलं नाही, कुरियनचंही नाही. मंजूला ते पटलं नाही. ती आता सणाला येते आणि जेवायच्या आत निघते.

हे त्यांनी मला पायरीवर बसून सांगितलं. मग म्हणाले, "लग्नानंतर पहिल्यांदा त्याइच्याकडे जेवाले बसलो. सगळ्याइनं डोळे मिटले, प्रार्थना चालू झाली, अन् माह्या तोंडात घास. गिळता येईना, काढता येईना. मंजूनं पाह्यलं माह्याकडे. तेव्हाच ठरवलं, पोरीची मान आपल्यापायी पुन्हा खाली नाही जाऊ द्यायची."

 पुढे म्हणाले, "कुरियनवर राग नको धरू. तो लहानपणापासून इकडचाच, त्याले काय माहीत असन."

कुरियनशी मी रोज बोलतो. त्याला यातलं काहीच ठाऊक नाही. काका आता फोनवर काही वाचत नाहीत.

मंजूचं घर मला माहीत आहे. तिच्यापुढे बसून, तुझे बाबा माझ्यामुळे आले नाहीत, एवढं सांगायचं देणं मी लागतो. अजून गेलेलो नाही.