जिन्याच्या वळणावरचा चौक

जिन्याच्या वळणावरचा कोपरा स्वच्छ राहिला, तर रामकिसन कायम होणार होता. बोईसरच्या त्या औषधांच्या कारखान्यात तो तीन वर्षं टेंपररी होता. "सोमवारी इन्स्पेक्टर येतायत. भिंतीवर एक पिंक दिसली नाही, तर तुझ्या कागदावर सही करतो," असं मॅनेजर कृष्णकांत साहेब म्हणाले, आणि रामकिसनला उभ्या उभ्या स्वप्न पडलं. पाम गावात भाड्याची खोली, खिडकीतून येणारा खारा वारा, स्टोव्हवर चहा आणि तो गाळणारी पॅकिंगमधली नर्मदा. नर्मदेला त्याने आजवर "लेबलं संपली का?" यापलीकडे काही विचारलं नव्हतं. कायम झालो की विचारू, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

त्याने कोपऱ्याला चुना फासला. दुपारी बघतो तर भिंत पिंकांनी रंगलेली. पुन्हा फासला, संध्याकाळी आणखी रंगलेली. तिसऱ्या दिवशी तो खोक्यांच्या थप्पीआड दबा धरून बसला. नर्मदेच्या विचारात त्याचा डोळा लागणार, एवढ्यात झुंबर फिटर आला. त्याने भिंतीवरचा ताजा चुना नखाने खरवडला, तळहातावर तंबाखूत मळला, दाढेखाली बार भरला आणि जरा वेळाने तिथंच पिचकारी मारून मोकळा झाला.

"अरं झुंबर, काय करतूस हे?"

"काय झकास चुना आणलास, रामकिसन! शेजारच्या शेडातली पोरंबी हितंच येत्यात आता."

तीन दिवस घाम गाळून रामकिसनने अख्ख्या लाइनीच्या तंबाखूची सोय केली होती.

झाडूवाली लाडकी हे ऐकून तोंडाला पदर लावून हसली. "चुना नको लावू, दादा. गेरू आन. मी भिंतीवर देवीचा चवक काढतंय, आमच्यात लग्नाला काढतात तसा. देवीवर कोन थुकंल?"

शनिवारी सगळा डाग गेरूखाली गेला आणि त्यावर लाडकीने तांदळाच्या पिठाने चौक काढला. मधोमध देवी, भोवती ताडाची झाडं, घोड्यावरचा देव, फेर धरून नाचणारी माणसं. रामकिसन बादली धरून बघत राहिला. बघता बघता घोड्यावर तोच बसला, मागे नर्मदा बसली, आणि घोडा चिंचणीच्या किनाऱ्याने ओल्या वाळूतून चालू लागला. "दादा, बादली सांडली," असं लाडकीला दोनदा सांगावं लागलं.

सोमवारी कमाल झाली. कोणी थुंकेना. झुंबर तर चपला काढून जिना चढला. पण लाडकीने भर पॅकिंगमध्ये विचारलं, "चवक झाला. आता लगीन कोनाचा?"

"लगीन?" रामकिसन दचकला.

"मंग? चवक उगाच काढीत नाय. काढला तं लगीन लागलाच पायजे, नाय तं देवी रुसंल."

देवी रुसणार म्हटल्यावर कारखाना हादरला. झुंबरने जेवणाच्या सुट्टीत बिनलग्नाची माणसं मोजली. शेजारच्या शेडातून कोणीतरी मुंडावळ्याही आणल्या. त्या कोणाला बांधायच्या यावर जिन्यात हुज्जत चालली असतानाच इन्स्पेक्टर आणि साहेब वर आले.

इन्स्पेक्टरांनी कोपऱ्यातून बोट फिरवलं, बोट कोरडंच राहिलं. ते खूश झाले. "वा! लग्नाचा चौक ना हा? लग्न कोणाचं आहे?"

रामकिसन तेव्हा मनाने चिंचणीच्या वाळूतच होता. "माझं," तो म्हणाला.

"अरे, बोलला नाहीस!" साहेब चकित झाले. "मुलगी कोण?"

आता मात्र रामकिसन जागा झाला. सगळ्यांच्या माना एकदम पॅकिंगच्या दाराशी बसलेल्या नर्मदेकडे वळल्या, कारण त्याच्या मनात कोण आहे हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, एवढं फक्त रामकिसनला ठाऊक नव्हतं. नर्मदेने हातातलं लेबल बाटलीवर नीट चिकटवलं, बाटली खोक्यात ठेवली आणि हात पुसले.

"साहेब, आधी त्यांच्या कागदावर सही करा," ती म्हणाली. "मग सांगते."

सगळी लाइन खो खो हसत सुटली. ज्यांच्या तोंडात तंबाखूचा बार होता, त्यांची मात्र पंचाईत झाली.