साखर मुळेबाईंच्या डब्यात

गंगाकाकूंच्या स्वयंपाकघरात त्यांच्या स्वतःच्या मालकीचा एकही डबा नव्हता. साखर मुळेबाईंच्या डब्यात, तूरडाळ खरातसरांच्या, जिरं माझ्या आईच्या. प्रत्येक डब्यावर मालकाचं नाव घातलेलं. वाटूरला आमच्या गल्लीत घर सापडत नसेल, तर काकूंचं कपाट उघडावं. डबे बराबर घरांच्या क्रमानं. गल्लीची उजवी बाजू वरच्या फळीवर, डावी खालच्या. चक्कीवाला कोपऱ्यावर राहतो, म्हणून त्याचा डबाही कोपऱ्यात, आत पीठ.

मदतीला गेलं की हुकूम सुटायचा, "खरातसरांतून मूठभर काढ. मुळेबाई हलवून पाहा, संपत आली वाटतं." हे ऐकून एका सोयऱ्यानं हातातला घास खाली ठेवला होता.

डबा मागायला गेलं की काकूंचं उत्तर तयार. "देते की माय. पण रिकामा द्यावा का कुणाला? काही गोडधोड करते न् देते." गोडधोड कधी व्हायचं नाही आणि डबा कधी रिकामा व्हायचा नाही. याला लोक रीत म्हणत होते. मी बळकावणं म्हणत होते. दुसऱ्याच्या वस्तूवर रीतीचं पांघरूण घालायचं आणि अख्ख्या गल्लीनं भिडेखातर गप्प बसायचं! माझी आई जिरं कागदाच्या पुडीत ठेवते आणि वर मलाच म्हणते, "तू नको पडू मधी."

मी पडले. नवरात्राच्या साफसफाईला कोरे डबे घेऊन थेट काकूंच्या घरात शिरले. मी एकेक डबा ओट्यावर उतरवू लागले, काकू मागून परत फळीवर चढवू लागल्या.

"मुळेबाईला हात लावू नको!"

"का? नाव कुणाचं आहे त्याच्यावर?"

"तिचंच हाय. मी कुठं खोडून राह्यले?"

मग त्या एकदम पाटावर बसल्या. काका वारले तेव्हा घरात चूल पेटली नव्हती आणि हे डबे भरून आले होते, एवढं मला ठाऊक होतं. पुढचं नव्हतं.

"दुखवट्याचा डबा गोड घालून कसा देऊ? अन् रिकामा देऊ वाटंना. ऱ्हायले," काकू म्हणाल्या. "मंग लोकं मागायला येऊ लागले. आले की दोन घडी बसायचे. पोरगं पुण्याहून फोन करतं, पण फोन काय बसतो का माझ्यापाशी? डबे गेले की कोण येतं गं इथं?"

"काकू, हे साफ चूक आहे. लोक डब्यासाठी येत नाहीत," मी ठणकावलं. आमच्या संघटनेच्या सभेत बोलते तसंच. फक्त या वेळी माझी मलाच खात्री नव्हती.

काकूंनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "बरं, देऊन पाहू. न्हाई आलं कुणी, तर तू जबाबदार."

शेंगदाण्याचे लाडू वळले, डबे भरले आणि मी घरोघर पोचवले. कपाटात कोरे डबे लागले.

दुसऱ्या दिवशी कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी मात्र सारखी काकूंच्या दारात.

"मी आले की, काकू."

"तू धरायची न्हाई. तू जबाबदार हायस म्हणून येऊन राह्यलीस."

पत्रक चुकलं तर दुसरं छापता येतं. इथं एका बाईचं अख्खं दार ओस पाडलं होतं मी, तत्त्वासाठी.

आणखी एक दिवस गेला. मग संध्याकाळी मुळेबाई आल्या. हात मोकळे, पदर खोचलेला, पायांना शेतातली माती.

काकू दारातच घाबरून म्हणाल्या, "काय ऱ्हायलं तुमचं? झाकण बिलकुल बराबर लावून दिल्तं मी."

"सगळं मिळालं. बसायला आले आपली." मुळेबाई भिंतीला टेकल्या. "सोयाबीन काढण्यात जीव गेला. माणसाशी धड बोलले न्हाई इतक्या दिसांत."

मी इतका मोठा श्वास सोडला की दोघींनी वळून पाहिलं.

काकूंनी चहाला आधण ठेवलं. आम्ही तिघी, आणि पातेलं गळ्यापर्यंत भरलेलं.

"अहो काकू, एवढं कुणाला?" मुळेबाई म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या," काकू दाराकडं बघत म्हणाल्या. "येईल कुणी."