अकरा ठिपके आणि चिमूटभर भंडारा

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी औषधशाळेतल्या नव्या यंत्राने एका दमात अकरा औषधं हुडकून काढली आणि सर्जेराव हात जोडून उभेच राहिले.

हडपसरात इथेच त्यांचा ऊस उभा असायचा. आता एका बाजूला आयटी पार्क, दुसऱ्या बाजूला ही काचेची इमारत, आणि तीत सर्जेराव तात्पुरते मदतनीस. तळहाताएवढ्या ताटलीत तीनशे चौऱ्याऐंशी खळगे, प्रत्येकात वेगळं औषध. ज्या खळग्यात उजेड दिसेल त्यातलं औषध रोगावर चाललं, असा यंत्राचा हिशेब. पडद्यावर अकरा ठिपके लखलखत होते. सर्जेरावांनी भारावून खिशातली पुडी काढली आणि मोठे साहेब पृथ्वीराज यांच्या कपाळाला भंडारा लावला.

"तुमचा पायगुण, सर्जेराव!" साहेब म्हणाले. "परदेशी कंपनीला आत्ताच फोन करतो. आणि तुम्हाला कायम केल्याच्या कागदावर आजच सही!" ते वर गेले.

यंत्र सांभाळणाऱ्या श्रद्धा मॅडमनी मात्र पडद्यावरचे ठिपके पुन्हा मोजले. त्या सदाशिव पेठेतल्या; आनंद पडताळल्याशिवाय मानत नसत.

"वर्षात एखादं सापडतं. आज अकरा? सेल लागलाय का? सर्जेराव, नव्या ताटलीत नुसतं पाणी भरा."

पाणी भरलं. ताटली आत गेली. ठिपके पेटले. त्याच जागी, अकराच्या अकरा.

"आयला! पानी बी औषध झालं?" सर्जेरावांनी पुन्हा हात जोडले. "देवाची करनी हाय, मॅडम."

"असेल. कशी केली तेवढं बघू."

मॅडमनी दिवे मालवले आणि हातातला जांभळा दिवा यंत्राच्या ट्रेवर धरला. ट्रेवर अकरा जागी पिवळेहिरवे ठिपके झळाळले. मग दाराची मूठ. मग सर्जेरावांची नखं. चाळीस वर्षं खुरपं धरलेल्या हातांतून उजेड येत होता. सर्जेराव बघतच राहिले.

आणि मग त्यांना कालचं आठवलं. काल यंत्राच्या पूजेला त्यांनी जेजुरीचा भंडारा टाकला होता. तोही ट्रे उघडून आत. देवाला दारातच का थांबवायचं? बोलावं, तर कायमचा कागद गेला. गप्प राहावं, तर साहेब सातासमुद्रापार पाण्याला औषध म्हणून सांगणार.

"मॅडम, भंडारा हाय त्यो. हळदच की. म्याच टाकला."

"धन्य आहे! हळद या दिव्यात चमकते, यंत्राला तोच उजेड दिसला. चला वर."

परदेशी फोन लागेना, म्हणून साहेब अजून नंबर फिरवत होते. मॅडमनी खिडकीचा पडदा ओढला आणि जांभळा दिवा धरला. साहेबांचं कपाळ लख्ख पेटलं.

"फोन ठेवा, सर. बारावं औषध सापडलंय."

सगळं कळल्यावर साहेब कपाळ चोळत खुर्चीत बसले. ट्रे धुतला, औषधांची ताटली पुन्हा भरली. आता एकच ठिपका उरला. मॅडमनी दोन तास तो खळगा उलटसुलट तपासला.

"हे औषध स्वतःच चमकतं. काम काहीच करत नाही."

"आमच्या थोरल्या जावयावानी," सर्जेराव हळूच म्हणाले आणि नोकरी गेलीच असं धरून जेवणाचा डबा उचलून निघाले.

"कुठे निघालात?" मॅडम म्हणाल्या. "सर, यंत्र खोटं बोललं, सर्जेराव नाही बोलले. रोज सकाळी दिवा घेऊन यंत्र तपासायला मला हाच माणूस हवाय."

साहेबांनी कपाळ चोळतच सही केली. मॅडमनी सवयीने कागदावर जांभळा दिवा फिरवला. सहीशेजारी साहेबांचा अंगठा उमटून पिवळाहिरवा झळकत होता.

सर्जेरावांनी कागद दोन्ही हातांनी घेतला, निरखला आणि पुन्हा मॅडमपुढे धरला.

"मॅडम, ह्यो बी चमकतोय. एकदा पान्यासंगं ताडून बघा की."