मुंजाजीभाऊंचा लांब हॉर्न

जिंतूरहून येणाऱ्या गाडीचा हॉर्न वाजला की आमचे शेजारी मुंजाजीभाऊ हातातला घास ताटात टाकून पळत सुटायचे. काखेत थैली, तिच्यात रेशनकार्ड, सातबारा, फोटो. झोपतानासुद्धा ती उशाला असायची. "गुरुजी, उठा! मुदत पळायलीय!" ही त्यांची मला घातलेली आरोळी चार शेतांपलीकडे जायची. हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि आमच्या दोन घरांत भिंत एकच. त्यांच्याकडं मीठ संपलं तरी मला कळायचं.

पळण्याला कारण होतं. तापात त्यांच्या बायकोचे, कौसावहिनींचे कान गेले होते. जिंतूरच्या पंचायत समितीत कानाच्या यंत्राची योजना आली, तशीच गेलीही. भाऊंना खबर लागली ती मुदत संपल्यावर. "सरकार द्यायलंय अन् आमाला पत्ता न्हाई!" तेव्हापासून त्यांच्या पायाला भिंगरी लागली.

मग त्यांनी इंतजाम केला. पंचायत समितीच्या फलकावर नवा कागद लागला की तिथल्या शिपायानं, खाजाभाईनं, गाडीच्या ड्रायव्हरला सांगायचं आणि ड्रायव्हरनं आमच्या फाट्यावर हॉर्न द्यायचा. शेतीची योजना असेल तर आखूड, बायकांची असेल तर आखूड-लांब आणि कानाच्या यंत्राची असेल तर एकच, लांबलचक. ड्रायव्हर वैतागला. "भाऊ, मी गाडी चालवू का तार ठोकू?"

एकदा फाट्यावर म्हैस आडवी आली आणि त्यानं लांबलचक हॉर्न दिला. भाऊ पळत सुटले आणि परतीची गाडी धरून जिंतूरला पोचले. फलकावर कोंबड्यांच्या लशीचा कागद होता. "म्हशीला काय कळायलंय मुदतीचं," म्हणत ते परत आले.

त्या हॉर्नच्या जिवावर गावात पंप आले, शिलाई मशिनी आल्या. भाऊंचं यंत्र काही येईना. रोज संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येरझाऱ्या घालत. "आज बी वाजलं न्हाई, गुरुजी. सरकार इसरलं का काय कौसाला?"

शेवटी खरा लांब हॉर्न वाजला. भाऊ असे पळाले की जिंतुरात उतरल्यावर खाजाभाई बघतच राहिला. "भाऊ, थैली लाए, भाभीकू नै लाए?" ज्यांचे कान तपासायचे, त्या वहिनी घरी चुलीपुढं बसलेल्या! भाऊ आल्या पावली फिरले आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं वहिनींना घेऊन गेले. या खेपेला मुदत शिल्लक होती.

यंत्र मिळाल्यावरची ती पहिली संध्याकाळ. मी माझ्या ओट्यावर होतो, भाऊ शेजारी त्यांच्या दारात. फाट्यावर हॉर्न वाजला.

"अवं, गाडी वाजायलीय," वहिनी आतून म्हणाल्या.

भाऊ जागचे हलले नाहीत. थैली खुंटीलाच राहिली. "तुला आलं ऐकू?" ते नेहमीसारखे ओरडले.

"आलं की. वरडता कशाला?"

 मग दोघं आत दिवेलागण होईपर्यंत बोलत बसले. खोटं कशाला सांगू, मी घरात जाऊन मधल्या भिंतीला कान लावला होता. एक शब्दही ऐकू आला नाही.