देवीच्या समईवरील अंगठ्याची हकीकत

श्रीजगदंबा प्रसन्न असो, आणि पाहणाऱ्याची नजर साफ राहो. शके १९४४, शुभकृत नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस एका राज्यात वर्तमान घडले ते ऐसे. त्या राज्याचे कोतवालीत ठसेयंत्र होते. रयतेचे बोटांचे अवघे ठसे त्याचे उदरी साठविले होते, आणि चोरीचे जागी ठसा मिळाला की यंत्र पळात ठशाचे धन्याचे नाव सांगे. ऐशी विद्या आसपासचे कोण्या राज्यात नव्हती. अंमलदारांचे आणि त्यांचे पदरच्या पहारेकऱ्यांचे ठसे मात्र घेतले नव्हते; थोरांस कोण म्हणणार, बोट पुढे करा?

ते दिवशी दुपारी देवळात देवीचा चांदीचा मुकुट पेटीतून चोरीस गेला. कोतवाल राणोजीराव धावत आले आणि पाहणी करविली, तो समईवर एक तेलकट ठसा आणि पेटीचे आत दुसरा मिळाला. पेटीचे ठशास यंत्र म्हणाले, कोणी नाही. समईचे ठशास म्हणाले, लखोजी पाथरवट. हा लखोजी देवळाची पायरी घडवीत होता. मग त्यास बांधून सभेत आणिले, आणि सूर्यास्तास उजवा हात कलम करावा ऐसी आज्ञा जाहली.

लखोजी म्हणाला, "सरकार, समईला मी शिवलोच नाही. हात गेल्यावर छिन्नी काय दातांनी धरू?"

तेव्हा ठसेपारखी सगुणाबाई भिंग घेऊन बसल्या आणि रेघा मोजून बोलिल्या, "राव, जुळणाऱ्या खुणा सातच. बारा पाहिजेत."

"यंत्र खोटे बोलते काय, बाई?"

"खोटे नाही बोलत. साठ्यात काही खुणा जुळल्या तर जो सर्वांत जवळचा, त्याचे नाव देते. खरा धनी साठ्यातच नसला तर ते बिचारे काय करील?"

मग लखोजीचा अंगठा नव्याने उमटविला, तो कागदावर नुसता काळा डाग. दगडाने रेघा खाल्लेल्या.

"मग साठ्यात रेघा कशा?" राव बोलिले.

"साठ्यात ठसा दिला तेव्हा पाय मोडून तीन महिने घरी होतो, सरकार. हाताला विसावा मिळाला, रेघा परत आल्या."

समईवरील रेघा तर नांगरटीसारख्या स्पष्ट. बाईंनी विचारिले, "राव, देवळात शिरताच आपण काय केलेत?"

"वात विझत होती. देवीपुढे अंधार कसा ठेवावा? समई धरली आणि वात सारली." आणि बोलता बोलता राव आपल्याच अंगठ्याकडे पाहते जाहले. भिंगाखाली सोळा खुणा जुळल्या.

लखोजी म्हणाला, "सरकार, आता हात कोणाचा?"

सभा हसली, राव हसले नाहीत. त्यांनी स्वहस्ते दोर सोडिला, आपला अंगठा साठ्यात दिला, आणि अवघ्या अंमलदारांस पहारेकऱ्यांसह बोलाविले. देवळाचा पहारेकरी कुबाजी म्हणाला, "माझा अंगठा भाजलाय."

बाई म्हणाल्या, "बाकी नऊ बोटे आहेत की!"

मधले बोट ठेविताच यंत्राने पेटीचा ठसा ओळखिला, आणि मुकुट कुबाजीचे घरी धान्याचे कणगीत सापडला.

एवंच, यंत्र अद्भुत खरे, परंतु मोजणारी बाई होती म्हणून न्याय झाला. त्या साठ्यात आज अंमलदारांचेही ठसे आहेत, पहिला कोतवालाचा. आणि त्या दिवशी सूर्य मावळला तेव्हा लखोजी पायरी घडवीत होता. छिन्नी डाव्या हाती, हातोडा उजव्या.