तीस टक्के दुरुस्ती

मार्तंडरावांनी शिक्का आधी करवून घेतला, तिथेच सगळं बिनसलं. शिक्क्यावर त्यांचं नाव होतं आणि खाली ठसठशीत अक्षरांत ‘कर्ता’.

देवासमधली तीन दुकानं त्यांच्या वडिलांनी, गोपाळरावांनी, हाटपिपल्याची वडिलोपार्जित जमीन विकून घेतलेली. भाडं मार्तंडरावांच्या फाइलला लागे आणि त्यावरचा टॅक्स भरताना दरवर्षी त्यांचा जीव जाई. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांचा एकच ध्यास होता, इंदूरला लिफ्टवाला फ्लॅट. पत्नी अवंतीबाईंनी तर त्याचे पडदेही शिवून ठेवले होते.

सीए अंशुलने तोड काढली. "काका, अविभक्त कुटुंबाची फाइल बनवून टाकू. पॅन अलग, टॅक्स अलग. मस्त बचत होऊन जाईल."

"आणि कर्ता मी," म्हणत मार्तंडरावांनी शिक्का टेबलावर ठेवला.

"कर्ता घरातला सगळ्यात मोठा असतो. भावंडांत मोठे तुम्हीच ना?"

"मुलग्यांत मीच."

अंशुलने पेन खाली ठेवलं. "काका, आता मुलीपण धरतात."

मोठी बहीण अक्का धारला एकटीच राहत असे. लग्न केलेलं नाही, मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त. तिच्यासमोर साठी उलटलेले मार्तंडराव अजूनही वाढलेली नखं लपवीत. नावापुरती सही करील आणि परत जाईल, अशी त्यांची समजूत होती. अक्का दोन ट्रंका घेऊन आली, म्हणाली, "कर्तेपण दुरून होत नाही," आणि मार्तंडरावांची खिडकीवाली खोली घेतली. मार्तंडराव हॉलमधल्या दिवाणावर झोपू लागले.

मग अक्काने अंशुलचे कागद वाचायला घेतले.

"भाड्यातून तीस टक्के दुरुस्ती वगैरेपोटी वजा. ही कोणती दुरुस्ती?"

"सूट असते, अक्का. खर्च नाही केला तरी सरकार देऊन देतं."

"म्हणजे दुरुस्ती न करता केली म्हणायची? मार्तंडा, इतकी वर्षं तू हे करत आलास?"

"अगं, कायद्यातच आहे ते!"

"कायद्यात असेल. आपल्या घरात नाही."

दुसऱ्याच दिवशी गवंडी आला. पहिल्या दुकानाचं छत नवं झालं, दुसऱ्याची नाली बांधून झाली. तिसऱ्यात काहीच बिघडलेलं नव्हतं, पण खर्चाचे तीस टक्के भरत नव्हते, म्हणून अक्काने त्याला पुढे पत्र्याची शेड घालून दिली. पहिल्या दुकानातला नमकीनवाला विक्रमसिंह पेढे घेऊन घरी आला. "भिया, दीदी ने तो कमाल कर दिया! तुमसे तो दस साल से बोल रिया था." मार्तंडरावांनी पेढा तसाच बशीत ठेवला.

उरलेल्या भाड्याची अक्काने कुटुंबाच्या नावे मुदत ठेव केली. इंदूरच्या बिल्डरचे फोन बंद झाले. फ्लॅटसाठी शिवलेले पडदे अवंतीबाईंनी अक्काच्या खिडकीला लावले, तेव्हा मार्तंडराव भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आपलं आता काही खरं नाही, असं त्यांना मनापासून वाटलं.

वर्ष सरलं. अंशुल आला तो खाली मान घालूनच.

"काका, थोडी गडबड झाली. नव्या नियमात बारा लाखांपर्यंत टॅक्स माफ झाला. पण ती माफी एकट्या माणसाला आहे, कुटुंबाला नाही. दुकानं तुमच्याच फाइलमध्ये राहिली असती तर टॅक्स शून्य होता."

"आणि आता?"

"थोडा भरावा लागेल."

मार्तंडराव कपाळाला हात लावून बसले. मग एकदम ओरडले, "मोडून टाक रे हे कुटुंब!"

"मग वाटणी करावी लागेल. अर्धं अक्कांचं."

"दे! अर्धं दे, आत्ता दे. मला माझी खोली पाहिजे!"

स्वयंपाकघरातून अक्का हात पुशीत बाहेर आली. "मला वाटणी नको."

वर्षभरात प्रथमच मार्तंडरावांचा चेहरा उजळला. "म्हणजे हक्क सोडतेस?"

"सोडू कशाला? धारला एकटीनं जेवून जेवून कंटाळले होते रे. मला कुटुंबच हवं."

मार्तंडरावांचे डोळे भरून आले. फ्लॅटसाठी की अक्कासाठी, ते त्यांचं त्यांनाच कळेना. ते चपला घालू लागले.

"टॅक्स भरून ये," अक्का म्हणाली, "आणि येताना तुझा तो शिक्का बदलून आण. माझं नाव घाल."

"त्याचे पैसे?"

"दुरुस्तीत धर."