गादी टिकाऊपणा तपासणी समिती

सोलापुरातल्या एका सरकारी मुलींच्या वसतिगृहात साठ मुली होत्या, साठ लोखंडी खाटा होत्या आणि गादी एकही नव्हती. होत्या त्या गाद्या ढेकणांपायी मे महिन्यात रीतसर निर्लेखित झाल्या होत्या. निर्लेखित म्हणजे वस्तू जागेवरून जाते आणि कागद स्वच्छ होतो. जुनं घालवायला एक सही लागते. नवं आणायला किती लागतात, ते अजून कुणी शेवटपर्यंत मोजलेलं नाही. खाटेच्या पट्ट्या पाठीत रुतायच्या, म्हणून मुली खाली फरशीवर चादर अंथरून झोपत. चादर सोलापुरीच होती, तिच्याविषयी कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

गृहपाल पद्मजाबाई देशपांडे यांची नोकरी एकोणीस वर्षांची. एवढ्या काळात त्यांचा एकही अहवाल उशिरा गेला नव्हता की एकही रकाना रिकामा गेला नव्हता. ज्या रकान्यात लिहिण्यासारखं काही नसे तिथे त्या वळणदार अक्षरात ‘निरंक’ लिहीत. वरिष्ठ त्यांचं निरंक नवीन लोकांना दाखवायला ठेवत, इतकं ते देखणं. बाई मनानंही चांगल्या होत्या. बारावी सायन्सची रुपाली, सांगोल्याकडच्या मेंढपाळांची पोर, रोज सकाळी भिंत धरून उठायची आणि कमरेवर हात ठेवून सावकाश सरळ व्हायची, ते त्यांना बघवत नसे. फेब्रुवारीत तिची परीक्षा. त्याआधी या पोरीच्या पाठीखाली गादी आलीच पाहिजे, असं बाईंनी मनाशी पक्कं केलं आणि जूनच्या पहिल्याच आठवड्यात मागणीपत्र लिहिलं: साठ गाद्या मिळाव्यात, ही विनंती.

महिन्याभराने पत्र परत आलं. ‘गाद्या एकतर्फी अपेक्षित आहेत की दुतर्फी, याचा मागणीपत्रावरून बोध होत नाही. सबब परत.’

बाई ते पत्र पर्समध्ये घालून थेट निवास व बिछायत उपविभागात गेल्या. तिथले अधिकारी सोमेशसाहेब तरुण, हुशार आणि कुठल्याही गोष्टीत न अडकणारे म्हणून प्रसिद्ध होते.

“साहेब, एकतर्फी म्हणजे हो काय?”

“एकतर्फी म्हणजे मऊ थर फक्त वरच्या अंगाला. ती पालटायची नाही. दुतर्फी दोन्ही अंगांनी चालते. दर तीन महिन्यांनी पालटायची, म्हणजे झीज वाटून जाते. दुतर्फीवाले म्हणतात आमची जास्त टिकते. एकतर्फीवाले म्हणतात आमची एकच बाजू, पण पक्की.”

“मग दुतर्फी द्या की.”

“देऊ. पालटणार कोण?” साहेबांनी गणकयंत्र जवळ ओढलं. “साठ गाद्या, वर्षाला चार वेळा. दोनशे चाळीस वेळा पालटणं आलं. त्यासाठी पद मंजूर आहे तुमच्याकडे?”

“अहो, मुली पालटतील आपापली.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “मुलींकडून श्रमाची कामं करून घेता तुम्ही?”

“नाही, नाही! मग एकतर्फी द्या.”

“आणि दोन वर्षांत खड्डा पडला तर? लेखापरीक्षणात विचारतील, शासनाने दुसरी बाजू का खरेदी केली नाही? तेव्हा मी काय सांगू?”

साहेबांच्या बोलण्यात खोट काढायला जागाच नव्हती, हीच तर पंचाईत. कुठल्या गादीचा टिकाऊपणा किती, ते आधी तपासलं पाहिजे असं ठरलं आणि ऑगस्टमध्ये पाच सदस्यांची गादी टिकाऊपणा तपासणी समिती अस्तित्वात आली. तिच्या पहिल्या बैठकीत सदस्यांना बसायला नवीन खुर्च्या हव्यात, असा ठराव झाला. त्या आठ दिवसांत आल्या, गाद्या असलेल्या.

एकतर्फी आणि दुतर्फी, असे दोन नमुने उपविभागात दाखल झाले. बाई पुन्हा गेल्या. म्हणाल्या, “नमुने आमच्याकडे द्या की साहेब. मुली झोपतील, तुमची तपासणीही होऊन जाईल.”

“मुली झोपल्या की गादी वापरलेली झाली,” सोमेशसाहेब म्हणाले. “वापरलेल्या गादीचा टिकाऊपणा कसा तपासणार मॅडम?”

तपासणी कार्यालयातच, कार्यालयीन वेळेत आणि कार्यालयीन माणसाकडूनच व्हायची होती. वरिष्ठ लिपिक नारायणरावांची नेमणूक झाली. दुपारी टेबलावर मान टाकून डुलकी काढण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या इमारतीत नव्हता, त्यामुळे निवडीवर कुणी आक्षेप घेतला नाही. एवढंच, की नारायणरावांचं वजन ब्याऐंशी किलो आणि मुलींचं सरासरी एक्केचाळीस. समितीने तीन बैठका घेऊन यावर तोडगा काढला: नारायणरावांनी निम्माच वेळ झोपावं. जेवणाच्या सुट्टीत झोपल्यास ती झोप खासगी धरली जाईल, असंही परिपत्रकात नमूद झालं.

नमुने परत करायचे असल्यामुळे वरचा प्लॅस्टिकचा कागद काढायची परवानगी नव्हती. ऑक्टोबरच्या सोलापुरी उकाड्यात नारायणराव त्या कागदावर सदऱ्यासकट निथळत पडून राहायचे. कूस बदलली की कागद करकरायचा आणि शेजारच्या टेबलावरचे लोक दचकून जागे व्हायचे. नारायणरावांना मात्र डोळ्याला डोळा लागेना. तीस वर्षं जी झोप न मागता आली, ती कर्तव्य म्हणून नेमून दिल्यावर रुसून बसली. “बाई, तुमच्या पोरींपायी माझी झोप गेली हो,” असं ते काकुळतीला येऊन म्हणाले, तेव्हा पद्मजाबाईंना त्यांचीही कीव आली.

दिवाळीनंतर समितीला शास्त्रीय बैठक असावी म्हणून ओजस नावाचे सल्लागार नेमले गेले. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि दोन मिनिटांत दोष दाखवून दिला. “तुलना कशाशी करताय? काहीच नसताना काय होतं, तेही मोजायला हवं ना!”

काहीच नसण्याची सोय वसतिगृहात होतीच. वसतिगृहाची फरशी नमुना क्रमांक तीन म्हणून नोंदवली गेली. दर महिन्याच्या पाच तारखेला उपविभागाचा माणूस फूटपट्टी घेऊन यायचा, मुलींच्या चादरी बाजूला करायचा, फरशीला खड्डा पडला का ते मोजायचा आणि एक विवरणपत्र बाईंसमोर ठेवायचा. बाईंना खरं सांगायचं तर आनंदच झाला. एकोणीस वर्षांत वरच्या ऑफिसचं कुणी मुलींच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. आता दर महिन्याला माणूस येतोय, म्हणजे काम हललं म्हणायचं!

विवरणपत्राचे रकाने चार. नमुन्यास तडा. नमुन्याचा रंग उडणे. नमुन्यास खोलगटपणा. नमुन्याबाबत अन्य तक्रार. बाईंनी चारही रकान्यांत निरंक लिहिलं आणि सही केली. फरशी खरोखरच ठणठणीत होती, खोटं कशाला लिहायचं?

रुपाली शेजारी उभी राहून वाचत होती. म्हणाली, “बाई, माझी पाठ लिवा की त्यात.”

“अगं, पाठीचा रकाना नाही गं यात.”

“खाली जागा हाय की मोकळी.”

“ती शिक्क्याची जागा आहे.”

रुपाली कमरेवर हात ठेवून सावकाश वळली. बाईंना वाईट वाटलं. म्हणून त्यांनी पाठदुखीबद्दल वेगळं पत्र लिहिलं. ते पत्र आरोग्याशी संबंधित असल्याने दुसऱ्या विभागाकडे वर्ग झालं, आणि वर्ग झालेल्या पत्राचा पाठलाग करण्याइतकं वय आता बाईंचं राहिलं नव्हतं. डिसेंबरचं विवरणपत्र आलं, जानेवारीचं आलं. बाई वेळेवर पाठवत राहिल्या.

संक्रांतीला रुपालीची आई म्हाळसाबाई पोरीला भेटायला आली. डोक्यावर तिळगुळाच्या डब्यासोबत एक जाडजूड वाकळ होती, जुन्या लुगड्यांचे आठ-दहा थर एकत्र शिवलेली. पोरगी भिंत धरून उठताना बघितली आणि म्हाळसाबाई दारातच थांबली.

“बाई, गादी कुटं हाय हिची?”

“तपासणी चालू आहे त्याची.”

“कवाधरनं?”

“ऑगस्टपासून.”

“आवो, माज्या मेंढ्या वल्या जाग्यात बसत्यात म्हनून मी कोरडा पाला टाकते त्यांच्याखाली. ही तर माणसाची पोर हाय. लई हुशार हाय म्हनून तुमच्या हवाली केली मी.” म्हाळसाबाईचे डोळे भरून आले. मग पदरानं तोंड पुसून तिने वाकळ फरशीवर पसरली. “ऱ्हाऊ द्या तुमची गादी. माजी वाकळ हितं. हिकडनं झोपा, तिकडनं झोपा.”

बाईंनी मान वळवून घेतली, म्हणजे परवानगी दिली. नियमात बसत नव्हतं, पण बाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं. रुपाली तीन आठवडे त्या वाकळेवर झोपली. सकाळी भिंतीला हात न लावता उठू लागली, प्रयोगवही पूर्ण केली, एकदा तर हसलीही.

पाच फेब्रुवारीला फूटपट्टीवाल्याला नमुना क्रमांक तीनवर वाकळ आढळली. ओजस स्वतः धावत आले. “मॅडम, अहो हे काय केलंत! काहीच नसण्यामध्ये काहीतरी आलं की सगळे निष्कर्ष बिघडतात!” वाकळ पंचनामा करून जप्त झाली. बाईंनी पंचनाम्यावर सही करायला आधी नकार दिला. मग सही न केल्यास वाकळ कुठे गेली याची नोंदच राहणार नाही, असं साहेबांनी समजावलं, तेव्हा त्यांनी केली.

जप्त वस्तू नुसती ठेवता येत नाही. तिला नमुना क्रमांक चार केलं आणि नारायणरावांना त्यावर झोपवलं. नारायणराव पाठ टेकताक्षणी जे घोरायला लागले, ते शिपायाने कुलूप लावायच्या वेळी हलवून उठवलं तेव्हाच थांबले. समितीने शेरा मारला: ‘तपासणी अधिकाऱ्यास झोप लागल्याने निरीक्षण होऊ शकले नाही. नमुना अपात्र.’

रुपालीने पहिला पेपर दिला, दुसराही दिला. भौतिकशास्त्राच्या पेपरला तासाभराने ती उभी राहिली. पर्यवेक्षकांनी बसायला सांगितलं. ती बसली, पुन्हा उठली, आणि अर्धा पेपर कोरा टाकून बाहेर आली. दुसऱ्या दिवशी म्हाळसाबाई तिला घ्यायला आली. ती बाईंवर ओरडली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, “पास-नापास आमी बगत न्हाय बाई. पोरगी सरळ हुबी ऱ्हायली तरी लई झालं.” पद्मजाबाई फाटकाशी उभ्या राहून रडल्या. तेवढं त्यांना कुणाला विचारल्याशिवाय करता येत होतं.

मार्चअखेर समितीचा अहवाल आला. एकतर्फी गादी बारा मिलिमीटर बसली. दुतर्फी एका अंगाला सहा आणि दुसऱ्या अंगाला सहा, बेरीज बारा. म्हणजे दोन्ही सारख्याच कुचकामी. नमुना क्रमांक तीन पाच महिने साठ मुलींच्या वापरात असूनही त्यास कणभर खोलगटपणा आला नाही, तो पालटावा लागला नाही, आणि गृहपालांच्या सहीच्या विवरणपत्रांनुसार त्याबाबत एकही तक्रार नाही. ‘सबब सर्व शासकीय वसतिगृहांत बिछायत म्हणून फरशी कायम करावी.’

बाईंनी अहवाल हातात घेतला आणि जागेवर बसल्या. आपली सही त्यांना लांबूनसुद्धा ओळखता आली.

निर्णय अंतिम करण्याआधी नागरिकांकडून पंधरा दिवसांत लेखी हरकती मागवण्यात आल्या. जाहीर सूचना पेपरात आली, पान सातवर, शोकसंदेशांच्या खाली. पद्मजाबाई हरकत घेऊ शकत नव्हत्या, सेवानियम आडवे येत होते. म्हाळसाबाई मेंढ्यांमागे कुठल्या माळावर होती, देव जाणे. रुपालीला पत्र लिहिता आलं असतं, पण बसून लिहायचं म्हणजे पुन्हा पाठ आली. राहता राहिले सुजाण नागरिक, म्हणजे ज्यांच्याकडे पेपर येतो ते.

आणि पत्रं आली की! दोनशे अकरा आली. शिक्षक, वकील, डॉक्टर, सेवानिवृत्त अधिकारी, सगळ्यांनी कळकळीने लिहिलं. मजकूर जवळपास एकच होता: आम्हीसुद्धा जमिनीवर झोपूनच शिकलो, आमचं काय बिघडलं? हरकत एकाचीही नव्हती. फरशी कायम झाली.

तो पेपर तुमच्याही घरी आला होता. तुमचं पत्र त्या दोनशे अकरांत नाही, आणि हरकतींत तर कुणाचंच नाही. तरीपण खरं सांगा, मघाशी ती साठ गाद्यांची मागणी वाचली तेव्हा, उशीला टेकून जरा नीट होत, तुम्हीही मनात म्हणालातच ना, की आमच्या वेळी कुठं होत्या हो गाद्या?